रिमोटचं कुलूप घेण्याआधी दाराची फळी बघा

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात पुन्हा मांडतो, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही कळेल. तुम्ही मंगळवार पेठेत जुन्या घरात तळमजल्यावर राहता. मणक्याच्या दुखापतीनंतर व्हीलचेअरवर आहात, हात व्यवस्थित चालतात, हिशेबाचं काम घरूनच करता. सोबत आई आहेत, पण त्यांना ऐकू कमी येतं. बेल वाजली की काम टाकून दारापर्यंत जायचं, वरची कडी काठीनं काढायची, खुर्ची मागं घेत घेत दार आत ओढायचं. तोवर कुरिअरवाला पुढच्या गल्लीत पोचलेला असतो. दार सागवानी, दोन फळ्यांचं. बजेट २५ हजार. आणि विचारताय असं की, रिमोटनं उघडणारं चांगलं स्मार्ट लॉक कोणतं?

कंपनीचं नाव सांगून मोकळं होणं सोपं आहे, पण त्यानं तुमचं काम होणार नाही. मी कोल्हापुरात गेट, दारं आणि कुलपं यांचंच काम करतो, आणि हा प्रश्न याच रूपात येतो. गिऱ्हाईक कुलूप विचारतं, दुकानदार कुलूप विकतो, दाराकडं कुणी बघत नाही. बाहेर कोण आहे ते कळणं, कडी सुटणं आणि फळी हलणं ही तीन वेगळी कामं आहेत. रिमोटचं कुलूप यातलं फक्त मधलं करतं. त्यात तुमच्या घरी दार तीन कारणांनी उघडणार: दुसरं कुणी आत येणार म्हणून, तुम्ही बाहेर जाणार म्हणून, आणि तुम्ही एकट्या परत येणार म्हणून. पहिल्या कारणाला रिमोट पुरतो, कारण फळी ढकलायला बाहेरचा माणूस असतो. उरलेल्या दोन्हींना तो पुरत नाही.

म्हणून आधी फळी. साधी घडीची व्हीलचेअर बाहेरून बाहेर साधारण ६५० मिमी भरते, वर चाकाच्या कड्यावरच्या बोटांना जागा हवी ती वेगळी. दोन फळ्यांच्या जुन्या दारात एका फळीतून मोकळी जागा मिळते ती जेमतेम दीड-पावणेदोन फूट. म्हणजे तुम्हाला बाहेर पडायला दोन्ही फळ्या उघडाव्या लागतात. आणि अशा दाराला विजेचं कुलूप लावायचं तर एक फळी खाली-वर टॉवर बोल्टनं पक्की करून दुसरीवर कुलूप बसवावं लागतं. मग कुरिअरवाल्याला दार उघडेल, तुम्ही मात्र आतच. दुकानातून कुलूप आणून थेट बसवलं तर नेमकं हेच होईल.

यावर काय करायचं ते चौकटीच्या मापावर आहे. चौकटीची आतली रुंदी १,००० मिमीच्या आसपास असेल तर चांगला सुतार त्याच दोन फळ्या मागून आडव्या पट्ट्या मारून एक करून देतो. जुनं सागवान टाकायची गरज नाही, आणि समोरून नक्षी तशीच राहते. पण सगळं वजन एका बाजूला येतं, म्हणून जुन्या बिजागऱ्या चालत नाहीत. बेअरिंगच्या चार बिजागऱ्या लागतात, आणि त्या बाजूची चौकट कुठं किडलेली नाही ना हे आधी टोकरून बघावं लागतं. चौकट चार फुटी असेल तर दीड फळीचं दार करा: मोठी फळी अशी की उघडल्यावर ९०० मिमी मोकळी जागा मिळेल, आणि छोटी कायम बंद. चौकटच तीन फुटांच्या आतली असेल तर मात्र चौकट बदलण्याला पर्याय नाही. तो खर्च आधी, कुलूप नंतर.

उंबऱ्याचंही बघा. जुन्या घरांत चार-चार इंचांचा उंबरा असतो. आईंना तो काढणं रुचणार नाही, हे मी बऱ्याच घरांत पाहिलंय. मग उंबरा तसाच ठेवून दोन्ही बाजूंनी लाकडी किंवा कोब्याचा उतार करता येतो, पण दार आत उघडत असल्यानं आतला उतार फळीला अडतो. तेव्हा फळी खालून कापावी लागते आणि फट राहते. त्यापेक्षा उंबरा १२ मिमीपर्यंत खाली आणून कड घासून गोल करणं चांगलं. हळदीकुंकू तेवढ्यावरही वाहता येतं.

आता दार ओढायला किती जोर लागतो ते मोजा. सामान तोलायचा हुकाचा काटा मिळतो, तो कडीत अडकवा, दार फक्त लोटलेलं ठेवा आणि सावकाश ओढा. खुर्चीत बसून आरामात उघडायचं तर काट्यावर दोन-सव्वादोन किलोच्या वर जायला नको. जुन्या सागवानी दारांना याच्या दुप्पट सहज लागतो, आणि बहुतेक वेळा दोष वजनाचा नसतो. बिजागऱ्या झिजून फळी खाली बसलेली असते आणि फरशीला किंवा चौकटीला घासत असते. बिजागऱ्या बदलल्या की तेच दार बोटानं फिरतं. मोटर बसवा म्हणून आलेल्या काही जणांचं काम नुसत्या बिजागऱ्यांवर भागलं आहे. दुकानदार सांगेल म्हणून वर हायड्रॉलिक डोअर क्लोजर मात्र लावू नका. तो दार बंद करायला जेवढी मदत करतो तेवढाच उघडताना विरोध करतो.

आत उघडणारं दार खुर्चीवरून ओढायचं तर कडीच्या बाजूला भिंतीलगत मोकळी जागा लागते, कमीत कमी ४५० मिमी, जमलं तर ६००. तिथं खुर्ची तिरकी लावली की दार समोरून निघून जातं आणि खुर्ची मागं घ्यावी लागत नाही. आपल्याकडं नेमकी हीच जागा चपलांच्या स्टँडनं अडवलेली असते. तो हलवा, फुकटात होणारं काम आहे. आणि बाहेर पडल्यावर दार मागं ओढून घ्यायला फळीच्या बाहेरच्या अंगाला आडवी पकड लावून घ्या, जमिनीपासून ९०० मिमीवर, बिजागरीच्या बाजूपर्यंत जाणारी लांब. उद्यमनगरात कुणीही फॅब्रिकेटर स्टीलच्या पाइपची अशी पकड वाकवून देईल.

एवढं झाल्यावर कुलूप. इथं चार जाती आहेत, आणि मला त्यातल्या दोनच तुमच्यासाठी विचारात घ्याव्याशा वाटतात.

पहिली, चुंबकाचं कुलूप, ज्याला दुकानात ईएम लॉक म्हणतात. ऑफिसच्या काचेच्या दाराला असतं तेच. बसवायला सोपं, लाकूड फुगलं तरी अडत नाही, म्हणून वायरमन हेच पुढं करतात. पण ते धरून ठेवायला सतत वीज लागते, १२ व्होल्टवर साधारण अर्धा अँपिअर, दिवसरात्र. वीज गेली, बॅटरी उतरली, की घर उघडं. रस्त्यावरच्या घराच्या मुख्य दाराला मी हे बसवत नाही.

दुसरी, बॅटरीवर चालणारं स्मार्ट लॉक, ज्याच्याबद्दल तुम्ही विचारलंय. फ्लॅटच्या सपाट फ्लश डोअरला हे छान बसतं. लाइट गेली तरी चालतं, बॅटरी उतरत आली की आधीपासून ओरडतं, बाहेरून तात्पुरता पॉवर द्यायची सोय बहुतेकांना असते. तुमच्या पट्ट्या-नक्षीच्या दारात ते नीट बसवायला जागाच मिळणार नाही, तो भाग झाला. शिवाय दोन गोष्टी आहेत ज्या जाहिरातीत येत नाहीत. रोज चाकं ढकलणाऱ्यांच्या बोटांची कातडी घासून खरखरीत झालेली असते, काही जण हातमोजे घालतात. बोटाचा ठसा अशा वेळी चार-चारदा नाकारला जातो. आणि दुसरं म्हणजे ऑटो लॉक. तुम्ही पार्सल घ्यायला दोन फूट बाहेर गेलात, फोन टेबलावर राहिला, वाऱ्यानं दार लागलं आणि कुलपानं आपलं काम चोख केलं. कुणी असं लॉक घेतलंच तर ऑटो लॉक बंद ठेवा, किंवा आकड्यांचा कीपॅड बसल्या हाताला येईल असा असल्याशिवाय घेऊ नका.

तिसरी जात म्हणजे दारावर आतून बसणारं विजेचं रिम लॉक. दिसायला जुन्या नाइट लॅचसारखं, आत कॉइल. १२ व्होल्टचा एक झटका मिळाला की जीभ सुटते आणि आतली स्प्रिंग फळी थोडी बाहेर फेकते. दणकट, स्वस्त, बाहेरून चावीनं आणि आतून बटणानं किंवा चावीनं हातानंही उघडतं. एक खोड मात्र माहीत असायला हवी: एकदा झटका दिला की ते सुटलेलंच राहतं. माणूस दार न ढकलता निघून गेला, तर दार पुन्हा उघडून लावेपर्यंत कुलूप लागत नाही. तुम्ही आतल्या खोलीत टेबलावर बसलेल्या, तुम्हाला वाटतं दार बंद आहे.

चौथी जात, चौकटीत बसणारा इलेक्ट्रिक स्ट्राइक. फळीवर साधं नाइट लॅच असतं आणि त्याची जीभ जिथं अडकते ती पट्टीच विजेनं सैल होते. ठरावीक सेकंद सैल राहते, मग आपोआप घट्ट. तुमच्यासाठी मी हे निवडेन, फेल-सिक्युअर प्रकारातलं: वीज नसताना बाहेरून बंदच राहतं, आतून मात्र नाइट लॅच हातानं फिरवलं की दार उघडतं. ही शेवटची अट कुठल्याही कुलपाला लावा. स्वयंपाकघरात गॅसचा वास आला, लाइट नाही, फोन सापडत नाही, अशा वेळी खुर्चीत बसून एका हातानं दार उघडता आलं पाहिजे. नाइट लॅचची गोल मूठ ओल्या हातानं फिरत नाही. दांडीची मूठ असलेलं घ्या आणि ते ९०० ते १,००० मिमी उंचीवर बसवा. सुतार सवयीनं चार-साडेचार फुटांवर बसवेल, तेव्हा पेन्सिलीनं खूण तुम्ही स्वतः करा.

आता पाऊस. आपल्याकडं जून ते सप्टेंबर लाकूड फुगतं आणि फळी चौकटीत दाटते. दाटलेली फळी जिभेवर सतत दाब देते, आणि दाबाखाली कुठलंही विजेचं कुलूप अडतं. स्विच दाबल्यावर खट् आवाज येतो, दार ढिम्म. लोक म्हणतात कुलूप खराब झालं. तपासायची रीत सोपी आहे: बाहेरच्या माणसाला दार आपल्याकडं ओढून धरायला सांगा आणि आतून नाइट लॅच फिरवा, मग त्यालाच दार आत रेटायला सांगा आणि पुन्हा फिरवा. दोन्ही वेळा सहज फिरलं तर ठीक. कुठं जोर लागला तर सुताराला बोलवा, वायरमनला नको. फळी आणि चौकटीत तिन्ही बाजूंनी दोन-तीन मिमीची फट हवी. रंधा मारायचा तो फुगलेल्या दिवसांत मारा. उन्हाळ्यात अंदाजानं मारला तर एक तर कमी पडतो नाहीतर हिवाळ्यात बोटभर फट दिसते. आणि फळीच्या वरच्या आणि खालच्या कडेला पॉलिश किंवा रंग मारून घ्या. तिथं कुणीच मारत नाही, आणि ओल तिथूनच सर्वात जास्त आत शिरते.

वायरिंगबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण नव्वद टक्के दुखणी इथं असतात असं म्हटलं तर फार अतिशयोक्ती होणार नाही. राजारामपुरीतल्या एका घरी नवं कुलूप स्विच दाबला की नुसतं गुणगुणायचं, उघडायचं नाही. दोनदा कुलूप बदलून झालं होतं. मी मीटर लावला तर सप्लायपाशी १२ व्होल्ट, आणि स्विच दाबून धरल्यावर कुलपापाशी जेमतेम नऊ. वायर होती इंटरनेटची कॅट सिक्स केबल, सुमारे १५ मीटर. तिच्यातली तांब्याची तार साधारण ०.२ चौरस मिमीची होती. जाऊन-येऊन ३० मीटरला अडीच ओमच्या आसपास रोध होतो, आणि दीड अँपिअर मागणाऱ्या कॉइलला तो पेलत नाही. तीच जोडणी १ चौरस मिमीच्या वायरनं केली तर रोध अर्ध्या ओमवर येतो आणि कुलपाला अकराच्या वर व्होल्ट मिळतात. वायर बदलली, पहिलंच कुलूप परत लावलं, ते चाललं. म्हणून कुलपासाठी वेगळी १ चौरस मिमीची वायर ओढा असं वायरमनला आधीच सांगा. कॉइलच्या दोन टोकांवर उलटा एक डायोड, वन-एन ४००७, लावायला सांगा. दोन-चार रुपयांचा आहे. तो नसला तर कॉइल बंद होताना उलटा झटका देते आणि रिलेचे, म्हणजे कुलपाची वीज जोडणाऱ्या-तोडणाऱ्या विजेवरच्या स्विचचे, संपर्क हळूहळू जळतात.

आणखी एक. दाराबाहेर लावलेल्या कीपॅडमध्ये किंवा डोअर फोनच्या बाहेरच्या युनिटमध्येच कुलूप सोडणारा रिले असेल, तर दोन स्क्रू काढून आतल्या दोन वायरी एकमेकींना टेकवल्या की दार उघडतं. रिले घरात हवा, बाहेर फक्त बटणं आणि कॅमेरा. विकत घेताना विचारा; विक्रेत्याला उत्तर येत नसेल तर दुसरीकडं जा.

आता तुमचा रिमोट. खरं सांगायचं तर रिमोट हा माझा दुसरा पर्याय आहे. पहिला पर्याय म्हणजे भिंतीवर वायरनं जोडलेले साधे बेलचे स्विच, सगळे समांतर: एक कामाच्या टेबलापाशी, एक पलंगाजवळ, एक स्वयंपाकघरात. त्यांना बॅटरी लागत नाही, ते हरवत नाहीत, आईंना शिकवावे लागत नाहीत. आणि एक न्हाणीघराच्या दाराशी, पाणी उडणार नाही अशा जागी, छताजवळ दोरीचा स्विच. दोरी फरशीपर्यंत सोडलेली. खुर्चीतून उतरताना पडलात तर जमिनीवरून हाताला दोरी येईल आणि शेजारी कुलूप न तोडता आत येतील. १२ व्होल्टचं काम आहे, धक्क्याची भीती नाही. माझ्या मते अख्ख्या यादीत सगळ्यात मोलाची वस्तू ही दोरी आहे, आणि तिचा खर्च दोन-तीनशेच्या पुढं जात नाही.

रिमोट घ्यायचा तो रोलिंग कोडचा घ्या, म्हणजे दर वेळी कोड बदलतो आणि कुणी नक्कल करून ठेवू शकत नाही. बटणं मोठी, एकमेकांपासून लांब. तो खुर्चीच्या हाताला पट्ट्यानं बांधा. मांडीवर ठेवला की घसरतो आणि चाकाखाली जातो. जुन्या घरांच्या भिंती दीड-दोन फूट जाड, दगड-मातीच्या. त्यात रेंज निम्म्यावर येते. ४३३ मेगाहर्ट्झच्या रिसीव्हरला साधारण १७ सेंटिमीटरची एक वायर अँटेना म्हणून असते. ती पत्र्याच्या डब्यात गुंडाळून ठेवलेली असेल तर बाहेर काढून सरळ उभी करा, बहुतेक वेळा तेवढ्यानं प्रश्न मिटतो.

ज्यांचे हात चालत नाहीत त्यांच्यासाठी हे गणित बदलतं. तळहातानं, कोपरानं किंवा हनुवटीनं दाबता येईल असा मोठा स्विच त्याच दोन वायरींना जोडता येतो. कुलपाला काही फरक पडत नाही, त्याला फक्त दोन तारा जुळलेल्या हव्यात. स्विच कुठं आणि कसा हवा हे कॅटलॉग बघून कळत नाही. नसीमा हुरजूक यांनी उभी केलेली हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड ही संस्था १९८४पासून कोल्हापुरात आहे. तिथं वर्षानुवर्षं खुर्ची वापरणारी माणसं भेटतील. त्यांच्याशी तासभर बोललात तर माझ्यासारख्या चार कारागिरांपेक्षा जास्त कळेल.

बाहेर कोण आहे हे कळायला व्हिडिओ डोअर फोन. वाय-फायवाला घ्या, पण आतला पडदा वायरनं जोडलेला आणि इंटरनेटशिवाय चालणाराच घ्या. फोनवर चित्र येणं ही वरची सोय. पडदा उभ्या माणसाच्या डोळ्यांच्या पातळीला लावण्याची पद्धत आहे, तुम्ही तो टेबलाशेजारी बसल्या नजरेच्या उंचीला लावा. बाहेरच्या युनिटवर पत्र्याची छोटी छपरी हवी. आपल्या आडव्या पावसात आयपी ६५, म्हणजे पाण्याचा फवारा आत न शिरणारं, असं लिहिलेल्या युनिटच्या भिंगावरही पाणी बसतं आणि माणसाऐवजी ठिपके दिसतात. बेलच्या जोडीनं स्वयंपाकघरात एक लुकलुकणारा दिवा लावा, आईंना कळेल. कामाच्या मावशी, फिजिओथेरपिस्ट यांना चावी देण्यापेक्षा कीपॅडचा प्रत्येकाला वेगळा कोड द्या. माणूस बदलला की त्याचा कोड पुसायचा, कुलूप बदलायचं नाही.

लाइट जाण्याचा विचार आपल्याला करावाच लागतो. वळवाच्या पावसात झाडाची फांदी तारेवर पडली की दोन तास गेलेच. १२ व्होल्टचा चार्जर-सप्लाय आणि ७ अँपिअर-अवरची बंद बॅटरी असा एकत्र डबा मिळतो. स्ट्राइक फक्त दार उघडताना काही सेकंद वीज खातो, त्यामुळं कुलूप आणि स्विच यांना ही बॅटरी भरपूर पुरते. डोअर फोनचा पडदा जोडला तर मुदत कमी होते, तरी रात्र निघते. राउटरला वेगळा छोटा यूपीएस लावा, पण दाराचा भरवसा त्याच्यावर ठेवू नका. बॅटरी दोन-तीन वर्षांनी उतरते, बदलायची तारीख डब्यावर मार्करनं लिहून ठेवा.

शाहूपुरी, दुधाळी, रमणमळा अशा पूरपट्ट्यात राहणाऱ्यांसाठी एक पुरवणी. पंचगंगेच्या पाण्याची राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट ही इशारा पातळी आणि ४३ फूट ही धोका पातळी. २०१९ आणि २०२१ साली पाणी त्याच्या कितीतरी वर गेलं होतं. सरकत्या गेटची मोटर जमिनीलगत असते, ती पहिल्याच दिवशी जाते. तिचा हातानं सोडायचा खटका खुर्चीवरून हाताला येतो का ते बसवतानाच बघा. बऱ्याच मोटरींत तो खाली, बाजूला, चावीच्या झाकणामागं असतो. बॅटरीचा डबा पाच-सहा फुटांवर लावा. आणि इशारा पातळी ओलांडली की दार चालतंय का ते बघत बसू नका, आधी निघा.

तुम्ही एकट्या परत येता तेव्हाचं राहिलं. दारासमोर पायरी असेल तर उतार १ ला १२ धरा, म्हणजे सहा इंचांच्या पायरीला सहा फूट लांबी. पेठेत रस्त्यावर एवढी जागा मिळत नाही आणि लोक अर्ध्या लांबीत बसवतात. तसा उभा उतार एकटीनं चढू नये हे आधी सांगतो. पण उतार योग्य असला तरी वर दारापुढं दीड मीटर सपाट जागा नसेल, तर उतारावर थांबून दार उघडायचं कसं? दोन्ही हात चाकांवर गुंतलेले. रिमोट खऱ्या अर्थानं कामाला येतो तो इथं: खालून, सपाटीवरूनच बटण दाबायचं. म्हणून स्ट्राइकचा टायमर पाहुण्यांसाठी पाच सेकंद चालतो, तुमच्या रिमोटच्या दुसऱ्या बटणाला तो वीस सेकंद ठेवा. तेवढ्यात वर येऊन पायाच्या पट्टीनं फळी हळूच रेटता येते. फळीला खालून फूटभर उंच स्टीलचा पत्रा मारून घ्या, लाकूड खराब होणार नाही. आपोआप उघडणारी मोटर, म्हणजे स्विंग डोअर ऑपरेटर, हे सगळं आणखी सोपं करतो, पण तो तुमच्या बजेटमध्ये इतर कामांसोबत बसणार नाही. पुढं कधी बसवायचा म्हणून चौकटीच्या वर एक प्लगची वायर आत्ताच काढून ठेवा.

तर २५ हजारांत क्रम असा लावा: सुतारकाम आणि बिजागऱ्या, मग वायरिंग, स्ट्राइक, नाइट लॅच, स्विच आणि बॅटरी, मग उरलेल्यात जमेल तसा डोअर फोन. सुतारकामात फळ्या जोडायचं निघालं तर डोअर फोन पुढच्या वर्षावर ढकला. तोवर बाहेरच्या आवाजासाठी साधा ऑडिओ फोन चालेल.

आणि घरात एक गोष्ट ठरवून घ्या. रात्री आई सवयीनं वरची कडी किंवा अडसर लावतील. मग हे सगळं कुलूपकाम रात्री बाद. वरची कडी लागलेल्या दारासमोर रिमोट, दोरी, शेजाऱ्याकडची चावी, काहीच चालत नाही. मी काम संपवताना घरच्यांसमोर ती कडी स्क्रू काढून उतरवूनच ठेवतो आणि तिच्या जागी दोन-आघाती नाइट लॅच देतो, जे चावीचे दोन फेरे फिरवून पक्कं होतं पण आतून मुठीनं सुटतं. मात्र स्ट्राइकसोबत वापरताना त्या जादा फेऱ्यानं निघणारी लांब जीभ स्ट्राइकच्या खाचेत मावते का, आणि तरीही सुटते का, हे दुकानातच दोन्ही वस्तू समोरासमोर धरून बघून घ्या. सगळ्या जोड्या जुळत नाहीत.

काम झालं की पैसे देण्याआधी घराचा मेन स्विच बंद करा आणि खुर्चीत बसून तीन गोष्टी करून बघा: टेबलावरच्या स्विचनं दार सुटतं का, आतून हातानं उघडतं का, बाहेर जाऊन कोड टाकून परत येता येतं का. वायरमन म्हणेल काल बघितलंय ना. तरी करा, आणि आईंनाही एकदा करायला लावा.

पुढचं सांगायला मला चौकटीचा आतून काढलेला फोटो, त्यावर मीटर टेप लावून आतली रुंदी आणि उंबऱ्याची उंची, आणि तुमच्या खुर्चीची बाहेरून बाहेर रुंदी एवढं लागेल. दोन फळ्या एक होतील की दीड फळी करावी लागेल ते त्यावरून सांगता येईल.